भारतीय क्रिकेट-संघ : उणिवा आणि निवड

इंग्लंडमधील लीड्स येथे १९५२ च्या जून महिन्यात भारताचा दुसरा डाव सुरू झाला, आणि थोड्याच वेळात धावफलकावर असे आकडे लागले की, फलक लावणाराचीच काही चूक झाली असावी असे पाहणारास वाटावे. धावा शून्य, बळी चार! फ्रेड ट्रूमन या नवख्या जलद गोलंदाजाने तीन व बेडसरने एक बळी घेतला होता. पुढे विजय हजारे यांनी ५६ व दत्तू फडकर यांनी ६४ धावा काढून डाव १६५ पर्यंत नेला. परंतु सामना गेला तो गेलाच. त्याच दौऱ्यात मँचेस्टर येथे आपला संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला. धावा ५८ आणि ८२.

या संघाचे कर्णधार हजारे हे आपल्या बडोद्याच्या संघाचे आधारस्तंभ. त्यामुळे हा पराभव येथील घराघरांत विशेष सलला असल्यास नवल नाही. परंतु पराभव झाला की खेळाडूंना बोल लावून मोकळे होणे हे अभ्यासूस शोभत नाही. लीड्सला पहिल्या डावात मांजरेकरांनी १३३ धावा काढल्या होत्या. म्हणजे गुण होते. मग उणे काय होते?

पहिली उणीव जलद गोलंदाजीची. १९३२ साली आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात महंमद निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी केली होती. अमरसिंग १९४० साली निवर्तले. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया-दौऱ्यासाठी निवडलेला फझल महमूद फाळणीनंतर पाकिस्तानचा झाला. मायदेशी खेळपट्ट्या बहुधा संथ. १९४७ साली बडोद्यास रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात हजारे व गुल महंमद यांनी इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. तिचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु ज्या फलंदाजास घरी कानाजवळून जाणारा चेंडू कधी दिसलाच नाही, त्याने परदेशी तो प्रथमच पाहून निर्धास्त खेळावे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

दुसरी उणीव निवडीची. आणि ती अधिक खेदजनक, कारण ती आपल्या हाती होती. १९५२ साली विनू मंकड लँकेशायर लीगमध्ये खेळणार होते. कसोटी संघात जागा निश्चित असेल तर आपण दौऱ्यावर येऊ, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य झाले नाही. लीड्सच्या पराभवानंतर मात्र त्यांनाच पाचारण करावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या व एका डावात ५ बळी घेतले. सामना तरीही गेला. ज्याच्यावाचून चालत नाही, त्याची आठवण संकट आल्यावर व्हावी, याला निवड कशी म्हणावी?

यावर कडी झाली ती १९५८-५९ मध्ये. वेस्ट इंडीजच्या हॉल व गिलख्रिस्ट या जलद गोलंदाजांपुढे आपले फलंदाज गांगरले होते. अशा वेळी स्थैर्य हवे. घडले उलट. मुंबईस पॉली उम्रीगर कर्णधार. कानपूर व कलकत्ता येथे हैदराबादचे गुलाम अहमद. मद्रासला पुन्हा उम्रीगर नियुक्त झाले, परंतु संघात कोणास घ्यावे या वादात त्यांनी सामन्याच्या तोंडावर पद सोडले, म्हणून मंकड. आणि दिल्लीस हेमू अधिकारी. पाच सामन्यांत चार कर्णधार! तीन सामने आपण हरलो. लगेच १९५९ च्या इंग्लंड-दौऱ्यावर बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड कर्णधार झाले, लॉर्ड्सवर त्यांच्या जागी पंकज रॉय आले, आणि पाचही सामने गमावले. या कर्णधारांपैकी अयोग्य कोणीच नव्हता. परंतु उद्या आपण असू की नसू, हे ज्यास ठाऊक नाही, तो संघ बांधणार कसा?

आता दुसरी बाजू पाहा. १९५९ च्या डिसेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियाशी सामना होता, कर्णधार रामचंद. तेथील खेळपट्टी नव्यानेच तयार केलेली होती. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी ती पारखून पस्तिशीच्या जसू पटेल या फिरकी गोलंदाजास संघात घेतले. पटेलांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ व एकंदर १४ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियास प्रथमच हरविले. माणूस, जागा आणि वेळ यांचा मेळ घालणे म्हणजे निवड, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याहून मोठा धडा १९७१ चा. अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले. जलद गोलंदाजीची उणीव तेव्हाही तशीच होती. तथापि जे आहे ते ओळखून संघ रचला गेला : फिरकी गोलंदाज, आणि त्यांच्या साहाय्यास फलंदाजाच्या निकट उभे राहून झेल घेणारे सोलकरांसारखे क्षेत्ररक्षक. गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा काढल्या. त्या दौऱ्यासाठी वगळलेल्या चंद्रशेखरांना इंग्लंडच्या दौऱ्यावर नेले, आणि त्यांनी ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेतले. एकाच वर्षी दोन्ही देशांत आपण मालिका जिंकल्या.

विद्यार्थिमित्रहो, शाळेचा संघ निवडताना तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती यादी येतेच. त्या वेळी आपल्या बाकावरचा मित्र आधी आठवतो, मागच्या रांगेतला अबोल पण अचूक चेंडू टाकणारा मुलगा राहून जातो. एका सामन्यात शून्यावर बाद झालेल्यास आपण लगेच वगळतो. पुढल्या वेळी यादी लिहिण्यापूर्वी मैदानावर जाऊन खेळपट्टी पाहा, प्रत्येकास त्याचे काम सांगा, आणि निवडलेल्यावर दोन-चार सामने तरी विश्वास ठेवा. इतके करूनही हार झाली, तर ती हार सर्वांनी मिळून सोसावी. तिचा भार एकट्याच्या शिरावर टाकू नये.