गुडघ्याची वाटी दुखते? नुसत्या आरामाने भागणार नाही

जाळं दुरुस्त करायला उकिडवं बसलो आणि उठताना वाटीभोवती कळ आली, धक्क्याच्या पायऱ्या उतरताना तीच कळ. मासळी कापायला बसणाऱ्या आपल्या बायकांचीही हीच तक्रार. मग कुणीतरी म्हणतंच, "वाटी झिजली, आता बोटीवर जाणं बंद." या भीतीने धंदा सोडायची घाई करू नका. बहुतेकांचं दुखणं व्यायामाने कमी होतं.

गुडघा वाकला की वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून सरकते. खोल उकिडवं बसलं की तिच्यावरचा दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. त्यात कुल्ह्याचे स्नायू कमजोर असले तर गुडघा आत झुकतो, भार एका बाजूला जातो. म्हणून दुखतो गुडघा, पण मेहनत कुल्ह्यावरही घ्यायची.

१९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांनी वाटीला चिकटपट्टी लावायची पद्धत मांडली. पट्टीने कळ कमी होते, व्यायाम जमतो. पण तेवढ्यावर राहू नका, तिचा फायदा थोड्याच दिवसांचा. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही भर आहे तो कुल्हा आणि गुडघा दोन्हींच्या व्यायामावर. मशीनच्या शेकावर पैसे घालवू नका, असं आमचं स्पष्ट मत.

कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला. उताणे झोपून गुडघे वाकवा आणि कंबर वर उचला. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठा-बसा. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर फेऱ्या कमी करा. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथेच आपली माणसं आठ दिवसांत सोडून देतात. तोवर जाळं विणताना खाली पाट किंवा स्टूल घ्या. आणि उन्हात, पाणी कमी पिऊन रोज दुखण्याची गोळी घेणं मूत्रपिंडाला महागात पडतं.

गुडघा सुजला, अडकला, मार लागला, ताप आला, तर व्यायाम थांबवा आणि आधी डॉक्टरकडे जा. अमरगोळकरांना लांब जायला नको: एकीकडे हुबळीचं केएमसीआरआय (पूर्वीचं किम्स), दुसरीकडे सत्तूरचं एसडीएम. गेल्यावर रोज किती तास उकिडवं बसता ते स्वतःहून सांगा.