साडेपाच गुणांची त्रुटी

चि. मनूस,


मोबाइल ब्राउझरमधल्या त्रुटी तपासून त्यांना गुण द्यायचं काम तुझ्या वाट्याला आलं, याचा मला फार आनंद झाला. तू लिहितेस, ‘मावशी, तक्त्यात पर्याय निवडले की सीव्हीएसएस ही गुण द्यायची पद्धत आपोआप आकडा काढून देते. मग माझी अक्कल लागते कुठे?’ कुठे लागते ते एका घडलेल्या प्रकरणावरून सांगते.

ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर मेसेज आला. तुरुंगांत चाललेल्या छळाची माहिती देण्याचं आमिष आणि खाली एक लिंक. मन्सूर यांनी ती उघडली नाही. टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाकडे पाठवून दिली. लॅबने आणि लुकआउट कंपनीने मिळून तपास केला, तेव्हा त्या लिंकमागे ‘पेगासस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर निघालं. फोनमध्ये शिरण्यासाठी ते तीन त्रुटी एकापाठोपाठ वापरत होतं. पहिली वेबकिटमधली, म्हणजे सफारीच्या इंजिनातली: पान उघडलं की हल्लेखोराचा कोड सुरू. दुसरी कर्नलमधली, म्हणजे फोनच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातली: तिच्यातून कर्नल मेमरीत कुठे बसलं आहे तो पत्ता फुटायचा, बाकी काही नाही. तिसरी त्या पत्त्याच्या आधाराने अख्खा फोन ताब्यात घ्यायची. ॲपलने २५ ऑगस्टला आयओएस ९.३.५ काढून तिन्ही बुजवल्या.

आता अमेरिकेच्या एनव्हीडी या त्रुटींच्या यादीत त्यांचे गुण बघ. वेबकिटवालीला ८.८, आणि पत्ता फोडणारीला ५.५, म्हणजे ‘मध्यम’. नियमाने ते बरोबरच आहे. ती काही मोडत नाही, काही बदलत नाही, नुसतं वाचू देते. पण ती नसती तर तिसरीला नेमका घाव कुठे घालायचा ते कळलं नसतं. सीव्हीएसएस प्रत्येक त्रुटी सुटी मोजतं. हल्लेखोर त्या ओवून वापरतो. म्हणून आकड्याकडे वळण्याआधी एक साधं वाक्य लिहायची सवय लाव: ही त्रुटी हातात असली तर हल्लेखोर कुठून कुठे पोचतो? हे वाक्य जमत नसेल, तर ती त्रुटी तुला अजून समजलेली नाही.

ब्राउझरच्या बाबतीत त्या वाक्यात सँडबॉक्सचा उल्लेख आलाच पाहिजे. क्रोममध्ये पान रंगवणारी प्रक्रिया मुद्दाम अशा सँडबॉक्समध्ये कोंडून ठेवलेली असते. कोड त्या कोंडवाड्याच्या आतच चालला, तर क्रोमची मंडळी त्या त्रुटीला ‘हाय’ म्हणतात. बाहेर पडला तर ‘क्रिटिकल’. सीव्हीएसएसच्या ३.१ आवृत्तीत हाच फरक ‘स्कोप’ नावाच्या एका खान्यात बसतो. इंटरनेटवरून येणारी, सोपी, कुठलीही परवानगी न लागणारी, फक्त कोणीतरी पान उघडण्याची वाट पाहणारी आणि आत गेल्यावर सगळं नासवणारी त्रुटी ८.८ ची. तिचा स्कोप बदलला की तीच ९.६ होते. रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या ८.८ चं मूळ हे आहे. तो खाना निवडताना घाई करू नकोस.

तक्ता बरोबर भरूनही माणसं चुकतात, कारण त्रुटी राहते कुठे हेच विचारायचं राहून जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलच्या सुरक्षा पथकाने आणि सिटिझन लॅबने गूगलला वेबपी चित्रांतली एक त्रुटी कळवली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडताना मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं जायचं. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली. गूगलने तिला क्रिटिकल म्हटलं, एनव्हीडीने ८.८ दिले, आणि नोंदीत नाव होतं क्रोमचं. पण दोष होता लिबवेबपी या लायब्ररीत, आणि ती फायरफॉक्समध्ये होती, इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या कितीतरी ॲपमध्ये होती. पुढे त्याच दोषाला नोंदीचा दुसरा क्रमांक आणि पूर्ण १० गुण मिळाले. मग तो क्रमांक दुबार म्हणून रद्द झाला. एकच दोष, पण ‘हे क्रोमचं प्रकरण, आमचं नाही’ म्हणून ज्यांनी फाइल मिटली, त्यांचे वापरणारे उघडे राहिले. मला यातली आकड्यांची ओढाताण फारशी महत्त्वाची वाटत नाही. नोंदीतलं नाव अपुरं होतं, हे फार गंभीर वाटतं.

मोबाइलवर हा प्रश्न आणखी अवघड होतो. आयफोनवरचं क्रोम आतून वेबकिटवर चालतं; मार्च २०२४ पासून युरोपीय संघात दुसरं इंजिन आणायला मुभा आहे, अशी मुभा नसेल तिथे वेबकिटच गृहीत धर. म्हणजे व्ही८ या क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनातली त्रुटी तिथल्या क्रोमला लागत नाही आणि वेबकिटची मात्र लागते. अँड्रॉइडवर प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत ठेवण्याची सोय २०१९ मध्ये आली तीही अर्धी: पुरेशी मेमरी असलेल्या फोनवर आणि मुख्यतः पासवर्ड टाकलेल्या साइटपुरती. डेस्कटॉपसाठी लिहिलेला निष्कर्ष उचलून मोबाइलच्या अहवालात चिकटवू नकोस.

आणि आता ज्याविषयी मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. ॲड्रेस बारमध्ये खोटा पत्ता दाखवता येणं, ही त्रुटी सहसा कमी गुणांची ठरते. गोपनीयतेला धक्का नाही, फक्त दिसणाऱ्या गोष्टीत थोडा बदल, असं तक्त्यात भरलं की ४.३ येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरक्षा संशोधक रफय बलोच आणि रॅपिड७ ही कंपनी यांनी सफारी, ऑपेरा टच, यूसी ब्राउझर अशा अनेक मोबाइल ब्राउझरमधल्या याच प्रकारच्या त्रुटी जाहीर केल्या. फोनवर पत्त्याची पट्टी बोटभर असते, लांब पत्ता कापला जातो, खाली सरकलं की पट्टीच गुप्त होते. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मेसेज आणि त्याखालची लिंक आपल्याकडे कुणाला आलेली नाही? घाबरलेल्या माणसाकडे खरं-खोटं ताडायला त्या पट्टीखेरीज काहीच नसतं. तीच खोटं बोलली तर सावधपणाचा त्याला काय उपयोग? तरीही गुण फुगवू नकोस. तक्ता प्रामाणिकपणे भर, ४.३ येत असतील तर ४.३ लिही, आणि खाली शेऱ्यात ठणकावून लिही की पैसे जाणाऱ्या फोनवर ही आधी दुरुस्त व्हावी. फुगवलेल्या आकड्यांची सवय झाली की लोक खऱ्या दहाकडेही बघेनासे होतात.

सीव्हीएसएसचे मूळ गुण नुकसान किती होऊ शकतं ते सांगतात. ते होतं आहे का, हे नाही. त्यासाठी सीसा या अमेरिकी सायबरसुरक्षा संस्थेची प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी रोज उघडत जा. तिथे नाव असलेली ८.८ वाली त्रुटी, नाव नसलेल्या ९.६ वालीच्या आधी हातात घे.

बऱ्याचदा तुझ्यापुढे ‘व्ही८ मध्ये टाइप कन्फ्यूजन’ एवढीच ओळ असेल, कारण बहुतेकांचे फोन अपडेट होईपर्यंत गूगल तपशील झाकून ठेवतं. तेव्हा अंदाजाला खात्रीचा साज चढवू नकोस. काय कळलं, काय धरून चाललीस, कोणत्या तारखेला, हे वेगवेगळं लिही. तपशील उघडे झाले की परत ये आणि गुण बदल. त्यात कमीपणा नाही. पहिला शेरा लिहिलास की त्याचा धाटणीपुरता नमुना, गोपनीय भाग गाळून, मला पाठव. मी नीट वाचून कळवते.

तुझी,
मावशी