विंचूदंश आणि हृदय : एका औषध-चाचणीचा अभ्यास

हृदयविकार म्हटला की छातीतील कळ, अँजिओग्राफी, बायपास असे शब्द आपल्यापुढे उभे राहतात. परंतु पऱ्हाट्यांचा ढीग उपसताना किंवा गोठ्यातल्या गोवऱ्या काढताना डसलेला तांबडा विंचू धडधाकट माणसाचे हृदय काही तासांत थकवू शकतो, हे आमच्या चांदूर बाजारसारख्या शेतकरी भागातही पुष्कळांना ठाऊक नसते. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत आकडे जुळविणारे. पण या विषयातील आकडे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावेत असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

खेडोपाडी विंचू 'उतरविणारा' मनुष्य पूर्वापार असतो आणि त्याला यशही येताना दिसते. याचे कारण सोपे आहे. बहुतेक दंशांत फक्त आग होते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्र न घातलेल्यांचे काय झाले, याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. विष अंगात भिनले तर गोष्ट निराळी. दरदरून घाम, उलट्या, लाळ, थंडगार हातपाय ही लक्षणे दिसू लागतात. विषामुळे अ‍ॅड्रिनॅलीनसारखी द्रव्ये रक्तात लोटतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय दमते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते.

हे कोडे उलगडण्यात मोठा वाटा डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तेथे रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नाडी व रक्तदाब नोंदविले. प्राझोसिन ही रक्तदाबाची, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी त्यांनी वापरून पाहिली व १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचा अनुभव प्रसिद्ध केला. गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण पुढे फारच उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष लसही उपलब्ध झाली. मग प्रश्न आला, गोळीसोबत लस दिल्याने अधिक लाभ होतो काय? डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर चाचणी केली. तिचा अहवाल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ३५ जणांना गोळी व लस, ३५ जणांना केवळ गोळी. कोण कोणत्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. विद्यार्थी मित्रांनो, यातच सारे मर्म आहे. डॉक्टरने निवड केली असती तर कदाचित बरे होण्याजोगे रुग्ण नकळत एकाच बाजूला गेले असते. आणि गोळी दोन्ही गटांना मिळाली, म्हणजे सिद्ध झालेल्या उपचारापासून कोणालाही वंचित ठेवले नाही. हा भाग आम्हाला आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ३५ पैकी ८. एवढी तफावत नुसत्या योगायोगाने पडत नाही.

तरीही ताळेबंद वाचताना खालची टीप वाचावी तसे येथेही वाचावे. लस कोणाला दिली हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. शिवाय विष अंगात पसरलेले, पण हृदय व फुप्फुसे अजून सावरलेली आहेत, असेच रुग्ण यात घेतले होते. फुप्फुसांत पाणी भरल्यावर आलेल्या रुग्णाविषयी ही चाचणी काही सांगत नाही.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. घाम सुटला, हातपाय गार पडले की उतरविणाऱ्याकडे न थांबता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असते आणि ती दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवतात, कारण उभे केल्यास रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते.