हन्नेचा झगा आणि एलीचे घर

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:२०-२८, २:११-२१, ३:१-१८
घरी वाचावे : एस्तेर २:५-११



पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडा आणि पुढे वेंगुर्ले लागते. त्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे वैद्यकीय काम होते. तेथील डॉ. गोहीन यांच्या घरी १५ ऑगस्ट १९१९ रोजी रॉबर्ट नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला (१९५७ ते १९७२), आणि १९७७ ते १९८० ह्या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून पुन्हा भारतात आला. पण ह्या कोकणात जन्मलेल्या मुलाचे शालेय शिक्षण झाले ते शेकडो मैल दूर, कोडाईकनालच्या शाळेत. मिशनरी लोकांनी आपल्या मुलांसाठी ती शाळा १९०१ साली काढली होती. उन्हाळ्यात आईबाप डोंगरावर आले म्हणजे मुले त्यांच्याजवळ राहत. एरवी त्यांचे घर म्हणजे वसतिगृह.

ह्या मुलांच्या आईबापांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. पण रात्री दिवा मालवताना त्यांच्या अंगावर पांघरूण कोण घालीत असे? ताप आला तर उशाशी कोण बसे? ह्या लोकांना वसतिगृहाचे आईबाप म्हणतात. त्यांचे नाव मिशनच्या अहवालात क्वचितच ठळक येते. त्यांच्या सेवेविषयी आजचा पाठ आहे.

१. झगा आईच शिवते

हन्नेने शमुवेलाला शिलो येथे देवाला वाहिले, म्हणून तिचे आईपण संपले नाही. ती दरवर्षी त्याच्यासाठी लहान झगा करून नेत असे (२:१९). विचार करा : वर्षभरात मूल किती वाढले असेल ह्याचा अंदाज तिला दुरूनच बांधावा लागे.

वसतिगृहाच्या आईबापांनी येथे दोन गोष्टी शिकाव्या. पहिली, आपण आईची जागा सांभाळतो, ती बळकावीत नाही. दुसरी, झग्याचे माप घरी कळवणे हे आपले काम आहे. कोणता दात पडला, कोणत्या मित्राशी भांडण झाले, रात्री कशाची भीती वाटते, हे घरी कळले पाहिजे. केवळ गुणपत्रक पाठवून भागत नाही. आईबापांनीही मर्दखयाकडे पाहावे. एस्तेर राजवाड्यात गेली तरी तो रोज अंगणासमोर फिरून तिची खबर घेत असे.

२. ज्याच्याकडे मूल धावत जाते

रात्री हाक ऐकताच शमुवेल उठून एलीकडे धावला. एकदा नव्हे, तीन वेळा. म्हातारा, डोळे मंद झालेला एली चिडला नाही. सकाळी मुलगा बोलायला भ्याला, तेव्हा एलीने त्याला मुला म्हणून हाक मारली आणि स्वतःविरुद्धचा कडू निरोपदेखील पूर्ण ऐकून घेतला. चांगल्या वसतिगृहपालकाची हीच कसोटी : मूल झोपमोड करायला भीत नाही, आणि न आवडणारे सत्यही सांगू शकते.

जेथे हे नसते तेथे काय होते? मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंगला १८७१ साली, सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच, बहिणीसह इंग्लंडमध्ये साऊथसी येथे एका परक्या घरी पैसे देऊन ठेवले. तेथे तो सुमारे सहा वर्षे राहिला. त्या घरातील छळाविषयी त्याने पुढे लिहिले, परंतु त्या काळी घरच्यांना काही सांगितले नाही. मिशनरींच्या मुलांच्या मनावर तर आणखी एक ओझे असते. आपण रडलो तर देवाच्या कामात अडथळा येईल, असे त्यांना वाटते. हे ओझे मुलांवर कधीही घालू नये.

३. एलीचा दोष

एलीला त्याच्या मुलांची दुष्टाई ठाऊक होती. तो बोलला, पण त्याने त्यांना आवरले नाही (३:१३). देवाने त्याला दोष दिला तो ह्याच कारणासाठी.

हा दोष ख्रिस्ती संस्थांतही घडला आहे. पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातील मामू येथे मिशनरींच्या मुलांची शाळा होती. तेथे झालेल्या छळाची कहाणी ती मुले प्रौढ झाल्यावर उघडपणे सांगू लागली. मग १९९० नंतरच्या दशकात स्वतंत्र चौकशी झाली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. मंडळीचे नाव राखण्यासाठी गप्प राहणे ही मंडळीची सेवा नव्हे. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात वसतिगृहपालक आले, पाळकही आले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वसतिगृहपालकांना स्वतःची मुले असतात. तीस मुलांची आई होताना आपल्याच लेकराला ती एकतिसावी वाटू नये. त्यांच्यासाठी रोज थोडा वेळ वेगळा ठेवावा, आणि संस्थेनेही त्यांना तशी सुट्टी द्यावी.

आपल्यासाठी

ही सेवा परदेशी लोकांचीच नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुलींना केडगावच्या मुक्तीमध्ये आसरा दिला. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांनीही कितीतरी परकी लेकरे आपल्या घरात वाढवली. आजही आपले सुवार्तिक दूरच्या गावी जातात आणि मुलांना शिक्षणासाठी वसतिगृहात ठेवतात. पेडणे, डिचोलीसारख्या ठिकाणी, जेथे आपली माणसे थोडी, तेथे अशा एका मुलाला रविवारी जेवायला बोलावणे हीसुद्धा एलीच्या घराची सेवा आहे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. हन्नेने देवाला दिले काय, आणि स्वतःकडे ठेवले काय?
२. आपल्या मंडळीतील कोणते मूल आईबापांपासून दूर राहते? त्याची विचारपूस कोण करतो?
३. एखाद्या मुलाने आपल्याला कडू सत्य सांगितले, तर आपण एलीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकू काय? आणि एलीने केले नाही, ते करू काय?

प्रार्थना : हे प्रभू, जी लेकरे आज परक्या छपराखाली झोपतील त्यांना तू सांभाळ. त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांना धीर, माया आणि जागे कान दे. आमेन.