पिस्तूल कुरिअरने जात नाही

रायगड जिल्ह्यातल्या गडब, वडखळ, नागोठणे या पट्ट्यात शस्त्रपरवाना म्हटला की आधी डोळ्यांपुढे येते ती शेतीसंरक्षणाची बंदूक. डुक्कर आणि माकडांपासून पीक राखायला आजोबांच्या नावावर घेतलेली ठासणीची किंवा बारा बोअरची. पण काही घरांत .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूलही आहे. ते बाळगणारा आता थकला, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर गेला आणि रोह्याचा एखादा ओळखीचा परवानाधारक ते घ्यायला तयार झाला, की घरात पहिला प्रश्न निघतो : पाठवायचे कसे आणि खर्च किती?

पाठवायचे नाही, हे पहिले उत्तर. कुरिअर कंपन्या शस्त्रे आणि काडतुसे निषिद्ध मालाच्या यादीत ठेवतात. खोक्यावर ‘यंत्राचे सुटे भाग’ लिहून ते दिले, तर प्रश्न फक्त खोट्या मजकुराचा राहत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार हस्तांतरण म्हणजे केवळ विक्री नव्हे; भाड्याने देणे, उसने देणे, भेट देणे आणि नुसता ताबा सोडणे हेही त्यात येते. परवाना नसलेल्या पोऱ्याच्या हाती खोके गेले, त्या क्षणी तुम्ही ताबा सोडलेला असतो. पुतण्याला किंवा ओळखीच्या टेम्पोवाल्याला चिठ्ठी देऊन पाठवणेही चालत नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः परवानाधारकाच्या वापरासाठी. खरेदीदाराकडे पोहोचवणे त्यात बसत नाही.

म्हणून या व्यवहारात वाहतूक म्हणजे माणसाचा प्रवास. विकणाऱ्याने शस्त्र स्वतः न्यायचे, किंवा घेणाऱ्याने आपला परवाना घेऊन स्वतः यायचे, किंवा दोघांनी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात भेटायचे. मला तिसरा मार्ग सर्वात सुरक्षित वाटतो. विक्रेत्याला परवाना वाचता येतो, शस्त्राचा क्रमांक जुळवता येतो, त्याच्या नोंदवहीत व्यवहार उतरतो आणि शस्त्र वापरण्याजोगे आहे की नाही हेही तिथेच कळते. तो सेवाशुल्क घेईल. ते किती, हे आधी विचारा आणि पावती घ्या. व्यवहार पूर्ण होईपर्यंत शस्त्र त्याच्याकडे ठेवायचे असेल, तर ठेवण्याचे पैसे वेगळे पडतील.

पैशांपेक्षा मोठा खर्च वेळेचा आहे. खासगी वापरासाठी कायदेशीर बाळगलेले शस्त्र दुसऱ्या हक्कदार व्यक्तीला विकायला व्यापाराचा परवाना लागत नाही, ही सोय कलम ५ देते. अट अशी की जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विक्रीचा इरादा लेखी कळवायचा, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. शस्त्रासोबत काडतुसे देणार असाल तर त्यांचाही उल्लेख करा. तीही याच अटीत येतात. ही मुदत न पाळता शस्त्र दिले, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि घेणाऱ्याकडे परवानाच नसेल तर त्याला नुसते बाळगल्याबद्दलही २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. देणाऱ्यावर येणारे कलम याहून कितीतरी जड.

गडबकरांसाठी हा अर्ज द्यायची ठिकाणे म्हणजे वडखळ पोलीस ठाणे आणि अलिबागचे जिल्हाधिकारी कार्यालय. कायद्यात ‘किंवा’ असले तरी दोन्हीकडे द्या. एक प्रत जास्त काढायला चार रुपये लागतात, आणि नंतर ‘आमच्याकडे कागदच आला नाही’ हे ऐकावे लागत नाही. प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ४५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे, तोंडी बोलण्यापासून नव्हे. रोह्याचा खरेदीदार याच जिल्ह्यातला, त्यामुळे परवाना देणारे कार्यालय एकच. पनवेल किंवा उरणचा असेल तर जिल्हा रायगडच, पण तिथली हद्द नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची आहे आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात या कायद्यापुरते जिल्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. मुंबई, ठाणे, पुण्यातही तसेच. अशा वेळी घेणाऱ्याच्या कार्यालयाकडून ना हरकत लागेल का, हे अर्ज देतानाच विचारा; नाहीतर अलिबागच्या फेऱ्या वाढतात.

पैसे मोजण्याआधी घेणाऱ्याचा परवाना स्वतः पाहा, फोनवरच्या फोटोवर भागवू नका. त्यावर युनिक ओळख क्रमांक हवा. मुदत संपलेली नसावी. हातातले शस्त्र, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, त्याच्या परवान्यात बसायला हवे. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीच्या परवान्यावर ते घेता येत नाही. खरेदीसाठी दिलेली मुदत आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता चालतो, हेही तिथेच लिहिलेले असते. त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रे असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे. वय २१ च्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला शस्त्र देता येत नाही.

सरकारी शुल्क शस्त्र नियम, २०१६ च्या चौथ्या अनुसूचीत ठरलेले आहे. ठासणीच्या बंदुकीपेक्षा पिस्तुलाला ते जास्त पडते. चलनाशिवाय कुणाच्या हातात रोख पैसे ठेवू नका. ‘साहेबांकडून करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ जे काही करतो, ते सारे तुम्हाला एका साध्या अर्जाने करता येते, हे मी ठामपणे सांगतो. विक्रीचा लेखी करार करायचा तर मुद्रांक सहसा ५०० रुपयांचा. पूर्वी १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकांवर होणाऱ्या बहुतेक दस्तांना राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून तो लागतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी मागितला तर ही माफी दाखवा आणि साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र करा.

शस्त्राची किंमत ठरवताना नव्याचा भाव माहीत असावा. कानपूरच्या कारखान्यातले ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये १,२२,३६० रुपयांना बाजारात आले होते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. व्यवसाय म्हणून नव्हे, तर घरचे शस्त्र विकणाऱ्याला जीएसटी लावावा लागत नाही. त्यामुळे जुन्याला गिऱ्हाईक मिळते, आणि घाईत ४५ दिवसांना फाटा देण्याचा मोहही वाढतो. विकणाऱ्याने ही घाई करू नये. घेणाऱ्यानेही जुन्या शस्त्राची नळी आणि चाप जाणकाराकडून तपासून घ्यावेत. स्वस्तात घेऊन दुरुस्तीत पैसे घालवण्यात अर्थ नाही.

घरातल्याच माणसाला द्यायचे असेल तर विक्रीच्या या वाटेने जाऊ नका. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे झाले, यांतले जे आधी होईल तेव्हा हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद नियम २५ मध्ये आहे. वारसाला सगळी पडताळणी नव्याने द्यावीच लागते. परवानाधारक वारल्यावर मात्र शस्त्र कपाटात राहू देऊ नका. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

तारीख ठरवताना निवडणुकांकडे लक्ष ठेवा. आचारसंहिता लागली की कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची, हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते आणि महामार्गावर नाकाबंदी वाढते. त्या काळात शस्त्र घेऊन रोह्याला निघू नये. इतर वेळी नेताना शस्त्र रिकामे, झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असावे, काडतुसे वेगळी ठेवावीत. सोबत मूळ परवाना, अर्जाची शिक्क्याची प्रत आणि घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत ठेवावी. तुमचा परवाना रायगडपुरताच असेल तर जिल्ह्याबाहेर जाण्याआधी लेखी परवानगी घ्या, किंवा घेणाऱ्यालाच गडबला बोलवा.

शस्त्र दिल्यावर काम संपले असे समजू नका. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्याची नोंद झाली पाहिजे आणि तुमच्या परवान्यावरून ते कमी झाल्याची नोंद अलिबागला करून घेतली पाहिजे. ती होत नाही तोवर कागदोपत्री शस्त्र तुमच्याच नावावर राहते. ते पुढे कुठे वापरले गेले, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.