दाण्याचा दाखला पुरेसा नाही
चार बाजूंनी लॉक होणारे जेवणाचे डबे तुटून परत येऊ लागले, तेव्हा कारखानदाराने माझ्यासमोर आधी कागद ठेवले. प्लास्टिकचा दाणा पॉलिप्रॉपिलीनचा, अन्नासाठी चालणारा, आयएस १०९१० या मानकाप्रमाणे तपासलेला. कागदांत खोट नव्हती. मग परत आलेली झाकणं टेबलावर मांडली आणि एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. सगळ्यांचं तेच एक लॉक गेलं होतं, बाकीची तीन धडधाकट. वाफ जाण्यासाठी झाकणाला भोक होतं, त्याच्या बरोबर पलीकडचं.

झाकण उजेडासमोर तिरपं धरलं की भोकापासून लॉकच्या बिजागरीपर्यंत केसाएवढी रेघ दिसायची. साच्यात शिरलेलं वितळलेलं प्लास्टिक भोकाच्या खुंटीपाशी दुभंगतं आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतं. तोवर दोन्ही प्रवाहांची तोंडं थोडी निवलेली असतात, त्यामुळे सांधा पुरता एकजीव होत नाही. हीच वेल्ड लाईन. जाडजूड भिंतीत ती एकवेळ खपून जाते. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ बिजागरीत मात्र चीर तिथूनच सुरू होते.

पॉलिप्रॉपिलीनच्या बिजागरीची ताकद प्रवाहातून येते. पातळ फटीतून जाताना त्याचे लांब रेणू एका दिशेने ताणले जातात, म्हणून ती हजारो वेळा वाकते. थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून केलेल्या नमुन्यात हे घडतच नाही. या डब्याचा नमुना नायलॉनचा प्रिंट होता आणि तो उत्तम चालला होता. डबा हातात कसा बसतो, झाकण कुठे अडतं, हे त्याने नीट दाखवलं. टिकाऊपणाबद्दल तो काही सांगूच शकत नव्हता. शिवाय भोक नंतर, विक्री विभागाच्या मागणीवरून आलं, आणि त्यानंतर कुणी पुन्हा तपासणी केली नाही.

म्हणून नव्याने वस्तू करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, दाण्याची चाचणी वेगळी आणि वस्तूची वेगळी. दिवसाला दोनदा उघडझाप धरली तरी वर्षाला १४६० वेळा बिजागरी हलते. ती त्याच्या कितीतरी पट वाकवून बघा, आणि चारही लॉकची वेगवेगळी नोंद ठेवा. तेलकट रस्सा गरम असतानाच भरून रात्रभर ठेवा, सकाळी भांड्यांच्या साबणाने घासा. मग भरलेला डबा फ्रीजमधून काढून ओट्याच्या उंचीवरून फरशीवर पाडा. साधं होमोपॉलिमर पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. फ्रीजमध्ये जाणाऱ्या डब्याला कोपॉलिमर दाणा घ्यावा. पोराच्या दप्तरात आमटी सांडते तेव्हा त्या घरी आपला दाखला कुणी वाचत नाही.

साचा कशाचा, हे बरंचसं नगांच्या संख्येवर ठरतं. वीस-पंचवीस नगांना सिलिकॉनचा साचा पुरतो, पण त्यात ओततात ते पॉलियुरेथेन, तेव्हा त्यावरूनही टिकाऊपणा ठरवू नका. काही हजारांसाठी अॅल्युमिनियम, लाखांसाठी पोलाद. साचा कापण्याआधी दाणा पक्का करा. एबीएस निवताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन दीड टक्का आणि वर. १८० मिलिमीटरच्या झाकणात हा फरक जवळपास दोन मिलिमीटरचा होतो. एकाच्या साच्यात दुसरा दाणा घातला तर झाकण बसणारच नाही.

त्या डब्याचं भोक शेवटी कोपऱ्याकडे सरकवलं. रेघ अजूनही पडते, पण दोन लॉकच्या मधल्या भागात, जिथे काही वाकत नाही. साच्यातली जुनी जागा बुजवायचा खर्च आलाच. असा खर्च टाळायचा तर साचेवाल्याला काम देतानाच प्रवाह कुठे दुभंगेल आणि कुठे मिळेल हे चित्रावर काढून मागा, आणि पहिल्या ट्रायलच्या झाकणांची तपासणी होईपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही हे लिहून घ्या. मापं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या. पॉलिप्रॉपिलीन साच्याबाहेर आल्यावरही दिवस-दोन दिवस आकसत राहतं.