अशोकारिष्टाच्या बॅचचे नियोजन

फार्मसीतील गुणवत्ता व्यवस्थापन म्हटले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील बहुतेक फार्मसीधारकांना ‘शेड्यूल टी’ व निरीक्षकांची भेट आठवते. सन २००० मध्ये लागू झालेल्या व २००३ मध्ये सुधारित झालेल्या या परिशिष्टाने कच्च्या द्रव्यांचे कोठार, स्वच्छता व बॅचच्या नोंदी यांची चौकट घालून दिली. मात्र बॅच कोणत्या महिन्यात लावावी, हे नियोजन वैद्यानेच करावयाचे असते. उदाहरणादाखल आम्ही अशोकारिष्ट घेत आहोत.

भैषज्यरत्नावलीतील मान सर्वांच्या परिचयाचे आहे. आजच्या मापात अशोकत्वक् ४.८ किलो, जल ४९.१५२ लिटर, चतुर्थांश क्वाथ १२.२८८ लिटर, गूळ ९.६ किलो, धातकीपुष्प ७६८ ग्रॅम, प्रक्षेपद्रव्ये व एक मास संधान. नियोजनात हा एक मासच तेवढा धरला जातो. सालीची गोणी सकाळी उतरते आणि दुपारी काढ्याची भट्टी पेटते. खरी चूक येथेच होते.

अशोकाच्या नावाखाली बाजारात आसुपालवाची, म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाशी दिसणाऱ्या उंच खोट्या अशोकाची, साल सर्रास येते. भरड केल्यावर ती डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणून साल अखंडच घ्यावी, नमुना सूक्ष्मदर्शक व टीएलसी परीक्षणास पाठवावा आणि अहवाल येईपर्यंत गोणीवर ‘परीक्षणाधीन’ अशी चिठ्ठी ठेवावी. हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. असृग्दराची रुग्णा तीन महिने अरिष्ट घेते, उपशय मिळत नाही. वैद्य अनुपान बदलतो, पुढे निदानही बदलतो, पण बाटलीवर त्याचा संशय जात नाही.

दिवाळीपूर्वी माल दुकानात हवा असेल तर उलट गणना करावी. निथळणे, गाळणे, बाटलीबंद करणे यांस सुमारे तीन आठवडे, संधानास चार ते सहा आठवडे. म्हणजे क्वाथ ऑगस्टच्या पूर्वार्धात व्हावा. साल मात्र मे महिन्यातच तपासून, सुकवून कोठारात असावी, कारण पावसाळ्यात घेतलेली साल ओल व बुरशी घेऊन येते. २००५ व २०१९ या दोन्ही वर्षी जुलैअखेरीस उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. नदीकाठच्या कोठारात गोण्या जमिनीवर रचणे म्हणजे पुराला आमंत्रणच! धायटीची फुले उन्हाळ्यापर्यंत त्याच हंगामातील घेऊन ठेवावीत. जुनी, काळवंडलेली फुले संधान उशिरा सुरू करतात.

डिसेंबर-जानेवारीत बदलापूरच्या रात्री मुंबईहून बऱ्याच थंड असतात. तेव्हा लावलेले पात्र भुशात ठेवावे व दिनदर्शिकेवर विसंबू नये. बुडबुड्यांचा आवाज थांबणे, फुले तळाशी बसणे, तोंडाशी धरलेली पेटती काडी न विझणे ही लक्षणे पाहूनच पात्र उघडावे. आंबट झालेले संधान शुक्त होय. ते फेकण्याचा अधिकार कोणाचा, हे बॅच लावण्यापूर्वीच लिहून ठेवावे. मालकाकडे तो ठेवल्यास पुढच्या बॅचमध्ये मिसळण्याचा मोह होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद आपल्या भागातील प्रत्येक उत्पादकाने ऐकलेला आहे. दूरच्या गावातील वैद्य आपल्या लेबलवरील पत्ता वाचून साशंक झाला, तर त्यास सालीचा परीक्षण अहवाल, क्वाथाची तारीख व राखून ठेवलेली सीलबंद बाटली दाखवता आली पाहिजे. प्रत्येक बॅचच्या किमान दोन बाटल्या त्यासाठी बाजूला काढाव्यात.